लव्हॉनबाईंसाठी वीस मिनिटांचं जेवण

आमच्या नॉरबी गावात घराला कुलूप लावायची पद्धत नाही. गाडीची किल्लीसुद्धा गाडीतच लटकत असते, कारण खिशात ठेवली तर ती हरवते. पण ऑगस्ट लागला की अख्खं गाव गाड्यांना कुलपं घालतं. चोरांच्या भीतीनं नाही, झुकिनीच्या.

ज्याच्या परसात झुकिनीची दोन रोपं आहेत त्याला ऑगस्टात सुख नाही. आज बोटाएवढी दिसलेली झुकिनी परवा दंडाएवढी होते. पहिल्या आठवड्यात घरचे कौतुकानं खातात, दुसऱ्या आठवड्यात मुकाट्यानं खातात आणि तिसऱ्या आठवड्यात पानावरून उठून जातात. मग तो बुवा किंवा ती बाई रविवारी चर्चच्या आवारात उघडी गाडी शोधत हिंडते, सीटवर चार-पाच झुकिन्या टाकते आणि प्रार्थनेला पहिल्या रांगेत जाऊन बसते.

मी व्हर्लिन टॉलफसन, वय सदुसष्ट. धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं वजनकाटा सांभाळला आणि घरी बसलो. झुकिनी मला लहानपणापासून सहन होत नाही. ती धड काकडी नाही, धड भोपळा नाही, आणि तिचं काही ठरत नाही याचा ताप मी का सोसावा? माझ्या टपालपेटीवर मी पाटीच ठोकली आहे: 'इथे झुकिनी ठेवू नये.' गावात अशी पाटी असलेलं घर एकच आहे.

तरीसुद्धा दर ऑगस्टला एका रविवारी माझ्या कुलूपबंद पिकअपमध्ये, बरोबर चालकाच्या सीटवर, एक झुकिनी मिळायची. एकच. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, लाल दोऱ्यानं बांधलेली. कुलूप जसंच्या तसं. माझी बायको आर्डिस पोट धरधरून हसायची. माझा संशय शेजारच्या ड्वेनवर होता, कारण तो हसताना तोंडावर हात धरतो. पण ड्वेन तरी कुलूप उघडणार कसा? पिकअपची दुसरी किल्ली आर्डिसनं फार पूर्वीच हरवून ठेवली होती. त्या हरवलेल्या किल्लीवरून मी तिला किती वर्षं बोललो असेन, ते आता आठवलं की बरं वाटत नाही.

आर्डिस जाऊन चार वर्षं झाली. ती गेल्यावरही झुकिनी येतच राहिली. मी नेहमीसारखा चर्चच्या आवारात उभा राहून आरडाओरडा करायचो, 'कोण तो हरामखोर' वगैरे सगळं पाद्रीबाईंच्या देखत म्हणायचो, पण झुकिनी फेकून द्यायचो नाही. ओट्यावर आठवडाभर ठेवायचो. मऊ पडली की मग ड्वेनच्या डुकरांना घालायचो.

यंदा मात्र ती आली नाही. यंदा झालं असं की वसंतात मी पिकअप बदलली. तीच कंपनी, तोच निळा रंग, फक्त आठ वर्षांनी तरुण. गावात एका माणसाच्या लक्षात आलं असेल तर शपथ. पाद्रीबाई म्हणाल्या, "धुतलीत वाटतं?" या नव्या गाडीचीही किल्ली एकच मिळाली. आणि ऑगस्टच्या पहिल्या रविवारी बाहेर येऊन बघतो, तर दाराच्या कुलपाभोवती तीन लांबच लांब ओरखडे! कोणीतरी दार उचकटायला बघितलं होतं. मी तिथल्या तिथे कॉफीच्या टेबलाशी उभा राहून माझ्या नव्या गाडीची काय दशा झाली ते अख्ख्या गावाला ऐकवलं, शेरीफला फोन केला, आणि संध्याकाळपर्यंत नॉरबीत चोर शिरल्याची बातमी झाली.

आता लव्हॉनबाईंचं सांगतो, कारण सगळी भानगड त्यांच्यासाठी केली.

लव्हॉनबाई आर्डिसच्या मैत्रीण. त्यांचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. आर्डिसच्या दफनानंतर गावानं माझ्याकडे तेवीस घरांतून तेवीस भांडी भरून हॉटडिश आणल्या: तेच खिम्याचं, वर बटाट्याच्या गोळ्या लावून भाजलेलं, आमच्याकडे जन्मापासून मरणापर्यंत पुरणारं जेवण. ती तेवीस भांडी लव्हॉनबाईंनी घासली आणि तळाला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरची नावं वाचून घरोघरी पोचवली. मला काही विचारलं नाही, काही शिकवलं नाही. तेव्हापासून दर रविवारी प्रार्थनेनंतर आम्ही एका टेबलावर कॉफी पितो. बोलतो ते पावसाबद्दल आणि मका किती वर आला त्याबद्दल. कोणाला वाटेल, त्यात काय एवढं. मला त्यात सगळा आठवडा असतो.

जूनमध्ये डॉक्टरांनी त्यांना साखरेचा आजार सांगितला. पाव बंद, बटाटा बंद, नूडल्स बंद, केक बंद. म्हणजे नॉरबी बंद. चर्चच्या तळघरातल्या जेवणाला बाई बिचाऱ्या हॅमचा एक तुकडा आणि काळी कॉफी घेऊन बसायच्या, आणि शेजारून तेवीस प्रकारचा बटाटा जायचा. ॲरिझोनात त्यांची बहीण राहते, मार्लिस. ती म्हणाली, ये माझ्याकडे, इथे सगळे पालाच खातात. गेल्या रविवारी लव्हॉनबाई मला म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी अंगणात घर विकायची पाटी लागेल."

त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि ते मला बोलता येत नव्हतं. आर्डिसलासुद्धा मी मागणी घातली नव्हती. तिनंच वाट बघून कंटाळून तारीख विचारली होती. तेव्हा तोंडातून निघालं ते भलतंच.

"गुरुवारी माझ्याकडे जेवायला या."

"छे छे, कशाला उगाच त्रास."

"त्रास कसला? मी स्वतः करतो."

"नको हो. तुमचं तुम्हालाच होत नाही."

"कोंबडी करतो. पीठ नाही, बटाटा नाही. भाजीच्या नूडल्स. वीस मिनिटांत होतं."

"बरं," लव्हॉनबाई म्हणाल्या, "थोडा वेळ येईन."

आमच्याकडची रीत ही अशी. काहीही पुढे केलं तरी माणूस दोनदा नको म्हणणार, तिसऱ्यांदा 'बरं, थोडंसं' म्हणणार, आणि थोडंसं म्हटलं की ताट भरून वाढायचं. पहिल्याच खेपेला 'हो, द्या' म्हणतो तो कॅलिफोर्नियाचा. आणि दोनदा विचारून जो थांबतो त्याला आईवडिलांनी काही शिकवलेलं नसतं.

वीस मिनिटांची ही कृती माझी मुलगी हायडी हिनं पाठवली होती. ती शहरात राहते आणि माझ्या पोटाची काळजी फोनवरून करते. नाताळात तिनं मला एक यंत्रही दिलं होतं. पेन्सिलला टोक काढतो तसं त्यात भाजी घालून फिरवायचं की लांब लांब नूडल्स निघतात. ते मी खोक्यातून काढलं नव्हतं. मी तिला फोन लावला.

"हायडी, त्या नूडल्स कशाच्या असतात?"

"झुकिनीच्या, बाबा. तीन लागतील, मध्यम आकाराच्या."

मी खिडकीतून टपालपेटीवरच्या पाटीकडे बघितलं.

"बाबा? आहेस ना? अरे, ऑगस्ट आहे, तिथे झुकिनीला काय तोटा!"

गावातल्या दुकानात गेलो. दुकानदार कॅल्मर. त्याला हळूच विचारलं. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग गल्ल्यावर डोकं टेकवून हसला. "व्हर्लिन, मी ऑगस्टमध्ये झुकिनी विकायला ठेवली तर लोक मला गावाबाहेर काढतील. रात्रीत कोणीतरी माझ्याच टोपलीत चार वाढवून जाईल. जानेवारीत ये." लिंबू आणि लोणी घेऊन मी परत आलो.

मागायचं म्हणजे कोणाकडे तरी तोंड उघडायचं, आणि तीस वर्षं पाटी लावून बसलेल्या माणसानं ते करायचं म्हणजे जिवंतपणी खाली मान घालायची. तेव्हा मी डोकं चालवलं. बुधवारी चर्चमध्ये बायका गोधड्या शिवायला जमतात आणि प्रत्येकीच्या गाडीत झुकिनी असते. मी पिकअप नेऊन ऐन दारासमोर उभी केली, चारही काचा खाली केल्या, किल्ली आतच ठेवली आणि समोर कॅल्मरच्या दुकानात जाऊन खिडकीशी कॉफी घेत बसलो.

एक तास गेला. बायका आल्या, थांबल्या, माझ्या पिकअपकडे बघून आपसात कुजबुजल्या आणि लांबून वळसा घालून आत गेल्या. एकीच्या तर काखेत पिशवी होती, हिरवं टोक मला इथून दिसत होतं. ती पिकअपपर्यंत आली, इकडेतिकडे बघितलं, आणि पिशवी छातीशी धरून पळत सुटली. मला काही उमजेना. कॅल्मरनं कपात कॉफी ओतता ओतता सांगितलं, "सगळ्यांना वाटतंय तू चोरासाठी सापळा लावलायस. शेरीफ झुडपात असणार, म्हणतात."

तेवढ्यात ड्वेन तिथून चालला होता. ड्वेन देवमाणूस. त्यानं उघड्या काचा बघितल्या, जीभ चावली, आत वाकून किल्ली फिरवून चारही काचा वर केल्या, दाराचं बटण दाबलं आणि दार लोटून दिलं. मी कॉफी सांडत धावत बाहेर आलो.

"ड्वेन! किल्ली!"

"आत आहे," ड्वेन आनंदानं म्हणाला. "घाबरू नकोस, कुलूप लावलंय. अरे, ऑगस्टमध्ये गाडी अशी उघडी टाकतात का? कोणी झुकिनी ठेवली असती म्हणजे?"

कुलूपवाला चाळीस मैलांवर. तो म्हणाला, शुक्रवारी येतो. म्हणजे शहरात जाऊन झुकिनी विकत आणायचाही रस्ता बंद. मी घरी चालत आलो, आणि गुरुवारी दुपारी एक वाजता, बाकी सगळे उपाय संपल्यावर, ड्वेनच्या दारावर टकटक केली.

"ड्वेन, तुझ्याकडे... ती... असते का?"

"काय ती?"

"हिरवी."

"हिरवं काय? ट्रॅक्टर?"

"झुकिनी रे!"

ड्वेननं तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. मग तो आत गेला आणि बायकोला म्हणाला ते मला दारात ऐकू आलं: "बेट्टी, खुर्चीला धरून बस. व्हर्लिन झुकिनी मागायला आलाय." बेट्टी बघायलाच बाहेर आली. त्यांनी मला एक दिली. ती मी खांद्यावर टाकून आणली, एवढी होती.

तीन वाजेपर्यंत गावात कोणाला कळायचं राहिलं नाही. घरासमोर गाड्या हळू व्हायला लागल्या. दार वाजायचं नाही, नुसता धप्प आवाज यायचा आणि गाडी निघून जायची. मी पडद्याआडून बघत होतो. तीस वर्षांचा सूड गाव हसतमुखानं घेत होतं. कोणीतरी माझ्या पाटीवरचं 'नये' चिकटपट्टीनं झाकून टाकलं. साडेतीनला मोजल्या तेव्हा ओसरीवर सत्तेचाळीस झुकिन्या होत्या, आणि त्यातली मध्यम आकाराची एकही नव्हती.

लव्हॉनबाई साडेपाचला यायच्या होत्या. वीस मिनिटांचं काम, म्हणून मी पाचला सुरू करणार होतो. सुदैवानं यंत्राची माहिती-पुस्तिका वाचायला साडेतीनलाच बसलो. यंत्रात मनगटाएवढी झुकिनी बसते. माझ्याकडे होत्या त्या मांडीएवढ्या. तेव्हा तिचे उभे चार भाग केले, आतल्या बिया चमच्यानं खरवडून काढल्या आणि एकेक भाग यंत्रात घालून दांडा फिरवला. नूडल्स निघाल्या, नाही म्हणत नाही. पहिली माझ्या बुटापर्यंत आली. दुसरी कुठे तुटते ते बघायला मी यंत्र फिरवत मागे मागे सरकलो आणि फ्रीजला धडकलो.

कोंबडी बर्फातून काढायची असते हे कृतीत लिहिलं नव्हतं. ते मला कळायला हवं होतं असं हायडी म्हणते. दगड झालेले दोन तुकडे गरम पाण्यात टाकले. लसूण नव्हता, लसणाची पूड होती, आर्डिसच्या वेळची. तिच्यावरची तारीख मी वाचली नाही.

नूडल्स लोण्यात टाकल्या, दोन मिनिटं परतल्या, आणि बघता बघता तव्यात तळं झालं. झुकिनीत इतकं पाणी असतं हे मला कोणी सांगायला नको? हायडीला फोन केला.

"बाबा, मीठ लावून ठेवायच्या, पाणी सुटू द्यायचं आणि मग फडक्यात पिळून कोरड्या करायच्या. कृतीत आहे की."

"किती वेळ ठेवायच्या?"

"अर्धा तास."

"मग वीस मिनिटांत होतं म्हणतेस ते कोण करतं?"

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तवा मोरीत रिकामा केला आणि दुसरी झुकिनी घेतली. आता मीठ लावून ठेवायला वेळ नव्हता. तेवढ्यात मला आर्डिस आठवली. चर्चच्या दोनशे माणसांच्या जेवणाला सलाडची पानं ती उशीच्या अभ्र्यात भरायची, अभ्र्याला गाठ मारायची आणि कपडे धुण्याच्या यंत्रात घालून नुसतं कोरडं फिरवायची. पानं कशी खडखडीत निघायची! मी नूडल्स अभ्र्यात भरल्या, गाठ मारली, यंत्रात टाकल्या आणि बटण फिरवलं. यंत्र घरभर धडधडलं. नूडल्स कोरड्या निघाल्या, अगदी मोकळ्या. फक्त आर्डिस आधी यंत्र पुसून घ्यायची, ते माझ्या डोक्यातून गेलं होतं. माझा साबण लॅव्हेंडरच्या वासाचा आहे.

बरोबर साडेपाचला लव्हॉनबाई आल्या. निळा झगा, केस नीट बसवलेले. ओसरीवर त्या जरा अडखळल्या. सत्तेचाळीस झुकिन्यांकडे त्यांनी बघितलं, काखेतली मोठी पर्स घट्ट धरली आणि काही न बोलता आत आल्या. आमच्याकडे कोणी रिकाम्या हातानं जेवायला येत नाही, त्यामुळे मला जरा नवल वाटलं, पण मी तव्याच्या घाईत होतो.

टेबलावर मी आर्डिसचा चांगला कपडा घातला होता. कोंबडी एका बाजूनं काळी आणि मध्ये जरा राठ झाली होती, पण लिंबू पिळल्यावर ती बरी दिसत होती. नूडल्स वर ठेवल्या. आम्ही मान खाली घालून प्रार्थना म्हटली. मी त्यात थोडी स्वतःची भर घातली, मनात.

लव्हॉनबाईंनी काट्याला नूडल्स गुंडाळल्या, घास घेतला, चावला. बराच वेळ चावला.

"कसं झालंय?"

"वेगळं आहे," लव्हॉनबाई म्हणाल्या.

माझं तोंड पडलं. आमच्याकडे कोणी जेवणाला वाईट म्हणत नाही. 'वेगळं' म्हणतात. आर्डिसच्या चुलतबहिणीच्या केकला एका लग्नात सगळे 'वेगळा' म्हणाले, तर ती दोन वर्षं चर्चला फिरकली नव्हती.

"लॅव्हेंडर आहे का यात?"

"आहे."

"मुद्दाम घातलंत?"

"नाही."

त्यांनी दुसरा घास घेतला. मी पाणी प्यायलो. ॲरिझोनाचं विचारायला मी गावात तोंड काळं करून घेतलं होतं, आणि आता समोर बसल्यावर हवामानाशिवाय काही सुचेना.

"ॲरिझोनात ऊन फार," मी म्हणालो.

"कोरडं असतं म्हणे."

"मका नसेल तिथे."

"नसेल."

"मग जाऊ नका," मी म्हणालो. ते इतकं पटकन निघालं की मीच दचकलो.

लव्हॉनबाईंनी काटा खाली ठेवला. "छे, असं कसं? मार्लिसनं खोलीला रंगसुद्धा दिलाय."

"रंगाचं काय, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. राहा इथेच."

"नको हो. मी इथे खाऊ काय? आणि लोकांना किती त्रास द्यायचा?"

दोन झाले. रीत मला माहीत आहे, तान्ह्या पोरालाही माहीत आहे. आता फक्त तिसऱ्यांदा विचारायचं. पण तोंड उघडेना. केकसाठी तिसऱ्यांदा विचारणं सोपं असतं, कारण तिसऱ्यांदाही नको म्हणाले तर केक उरतो. इथे मी उरणार होतो. मी कोंबडीचा तुकडा उगाच कापत बसलो. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि मला फक्त राग बोलता येतो.

"तो चोर अजून सापडला नाही," मी म्हणालो. "तीन ओरखडे. रंगाखालचा पत्रा दिसतोय. हाताला लागला ना माझ्या, तर—"

"ते ओरखडे माझे, व्हर्लिन."

मी हातातला काटा ताटात ठेवला.

लव्हॉनबाईंनी पर्स उघडली. आधी टेबलावर एक पुडी ठेवली: वर्तमानपत्रात गुंडाळलेली, लाल दोऱ्यानं बांधलेली. मग तिच्याशेजारी एक किल्ली ठेवली. माझ्या जुन्या पिकअपची. आर्डिसनं हरवलेली.

"चष्मा पर्समध्ये होता," त्या म्हणाल्या. "किल्ली आत जाईना. वाटलं गंजली असेल, म्हणून जरा जोर लावला."

"तीनदा?"

"तीनदा. मग तुम्ही कॉफीच्या टेबलाशी नवी गाडी, नवी गाडी म्हणून ओरडायला लागलात, तेव्हा कळलं. मला आपली धुतलेली वाटली होती."

"पण ही किल्ली..."

"आर्डिसनं दिली. शेवटी दवाखान्यात होती ना, तेव्हा. इतकी वर्षं तीच ठेवत होती तुमच्या सीटवर."

"आर्डिस?"

"मग काय ड्वेन? त्याला दोऱ्याची गाठ तरी मारता येते का?" लव्हॉनबाई किल्ली बोटानं सरळ करत म्हणाल्या, "ती मला म्हणाली, दर ऑगस्टला एक ठेवत जा. तो बोंबलेल. बोंबलला की समज, बरा आहे. नाही बोंबलला तर घरी जाऊन बघ. म्हणून चार वर्षं मी चर्चच्या दारात थांबते. तुमचं ओरडून झालं की मग घरी जाते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कृतीत कांदा नव्हता, त्यामुळे सबबही नव्हती. आर्डिस माझ्या समोर बसून पोट धरून हसत होती आणि मी तिला किल्ली कुठे घातलीस म्हणून रागावत होतो, ते सगळे ऑगस्ट माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी टेबलावरचा कपडा उचलून नाक पुसलं. चांगला कपडा होता, पण पुसलं.

"यंदा सीटवर ठेवता आली नाही," लव्हॉनबाई म्हणाल्या. "म्हटलं, जाण्याआधी हातात देऊन टाकावी. तर तुमच्या ओसरीवर हा डोंगर."

"मग पुढच्या ऑगस्टला माझं ओरडणं कोण ऐकणार?" मी विचारलं. आवाज चमत्कारिक निघाला, पण निघाला. "लव्हॉनबाई, राहा. मला तुमच्याशिवाय करमणार नाही. रोज नूडल्स करीन. साबण बदलीन."

खिडकीतून संध्याकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. बाहेर पुन्हा एकदा धप्प आवाज झाला आणि एक गाडी निघून गेली. आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या, "थोडे दिवस राहून बघते."

मी त्यांचं ताट माझ्याकडे ओढलं आणि तव्यात होत्या नव्हत्या त्या सगळ्या नूडल्स त्यात वाढल्या.